तहसील कचेरीचं संग्रहालय करायचंय? मग ऑफिस हलायच्या आधीच कामाला लागा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. तालुक्याची निजामकाळातली दगडी तहसील कचेरी येत्या काही महिन्यांत रिकामी होणार, ऑफिस नव्या प्रशासकीय इमारतीत जाणार, तहसीलदार साहेब अनुकूल आहेत, गावातल्या मंडळींना तिथं संग्रहालय हवंय, आणि तुम्ही विचारायलात की रंगरंगोटी आधी करावी की शोकेस आधी घ्यावेत, आणि वस्तू कुठून गोळा कराव्यात. मी बरीच वर्षं मराठवाड्यातल्या जुन्या इमारती आणि छोट्या संग्रहालयांचंच काम करतोय म्हणून जरा लांबलचक लिहितो, पण आधीच सांगतो, रंगही नको आणि शोकेसही नको, अजून तर नकोच.

तुमच्या यादीत तलवारी, जुनी भांडी, नाणी, गावागावातून आणायच्या मूर्ती असं सगळं दिसतंय. ते वाईट नाही, पण तो विषय वेगळा. मूर्ती आणि प्राचीन अवशेष बघायचे तर तेरला लामतुरे संग्रहालय आहे, पैठणला आहे, संभाजीनगरला विद्यापीठाचं आहे, तिथं सातवाहन काळापासूनच्या एकाहून एक वस्तू आहेत आणि तालुक्याच्या ठिकाणी आपण ते परत उभं करू शकत नाही. तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्यापैकी कुणाकडेच नाही, ते म्हणजे चालती कचेरी. माणूस गावाहून अर्ज घेऊन यायचा तेव्हा कुठं थांबायचा, कुणाला भेटायचा, पैसे कुठं भरायचा, नकल कुठल्या खिडकीतून मिळायची, कोठडी कुठं होती. ही इमारत काय काम करत होती आणि ते काम लोकांच्या अंगावर कसं यायचं हे सांगणं, एवढाच तुमच्या संग्रहालयाचा विषय ठेवा.

दिल्लीत राष्ट्रपती भवनाचं संग्रहालय २०१६ साली लोकांना खुलं झालं, ते भवनाच्याच जुन्या तबेल्यात आणि गॅरेजमध्ये आहे. हैदराबादला सैफाबादची टांकसाळ १९०३ ची, निजामाची, तिचं २०२२ मध्ये संग्रहालय झालं, म्हणजे जिथं नाणी पडायची त्याच आवारात माणूस उभा राहून ते बघतो. मुंबई हायकोर्टात १९०८ साली टिळकांवर खटला चालला त्या दालनाबाहेर त्यांचे शब्द फलकावर कोरलेत, दुसरं काहीच लागत नाही तिथं, माणूस आपोआप थांबतो. जागा तीच असणं ही ताकद असते आणि ती तुमच्याकडे फुकटात आहे, फक्त ती घालवू नका.

आणि ती जाते कधी? तर शिफ्टिंगच्या त्या आठवड्याभरात. पाऊस, वाळवी, पारवे यांनी वर्षानुवर्षांत जेवढं नुकसान होत नाही तेवढं ट्रॅक्टर लावून ऑफिस हलवताना होतं, हे मी अनेक ठिकाणी बघितलंय. एका तालुक्याला मी पोचेपर्यंत सागवानी रॅक, लाखेच्या मोहरांची पेटी, सायक्लोस्टाइलचं मशीन सगळं भंगारात वजनावर गेलेलं होतं, कुणाचा वाईट हेतू नव्हता, निर्लेखनाची म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून काढायच्या वस्तूंची यादी झाली, सही झाली, लिलाव झाला. म्हणून पहिलं काम कागदावरचं करा. तहसीलदार साहेबांकडून एक साधा लेखी आदेश घ्या की जडवस्तू नोंदवही बघून समितीने खूण केल्याशिवाय कुठलीही जुनी वस्तू निर्लेखनात धरू नये. डेड स्टॉक रजिस्टर म्हणतात ते हेच, ते स्वतः वाचा, जुनं रजिस्टर मिळालं तर सोन्याहून पिवळं, त्यात कुठल्या साली कुठलं टेबल, कुठला कंदील, कुठली तिजोरी आली ते असतं. दुसरा आदेश इमारतीच्या वापराचा, की ही इमारत संग्रहालयासाठी राखीव आहे, आणि तो जिल्हाधिकारी कार्यालयातून आला तर उत्तम, कारण रिकामी सरकारी इमारत दिसली की कुणाचं तरी गोडाऊन तिथं येतंच, आणि एकदा मतदान यंत्रं किंवा जप्तीचा माल आत ठेवून सील लागलं की मग वर्षं जातात.

आता इमारत चालू असतानाच करायचं काम. चार विद्यार्थी घ्या, मोबाईल घ्या, आणि प्रत्येक खोलीचे चारही भिंती, छत, फरशी असे फोटो काढा, टेबल-खुर्च्या जागेवर असताना, माणसं बसलेली असताना. नकाशा काढा, साधा, हाताने, आणि त्यात लिहा कुठलं टेबल कुणाचं, नायब तहसीलदार कुठं, अव्वल कारकून कुठं, पुरवठा कुठं, संजय गांधी निराधारची रांग कुठून कुठवर जाते, अर्ज लिहून देणारे अर्जनवीस आणि स्टॅम्प व्हेंडर आवारात कुठल्या झाडाखाली बसतात. एकदा ऑफिस गेलं की पंधरवड्यात हे सगळं विस्मरणात जातं, नंतर विचारलं तर तिघं तीन गोष्टी सांगतात.

एक गोष्ट मुद्दाम बघा. नकलेच्या किंवा वाटपाच्या जुन्या खिडकीपाशी जा आणि लगतची भिंत बघा. बहुतेक कचेऱ्यांत तिथं कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर जांभळट काळसर डाग असतात, एकावर एक, शेकडो. सही न येणाऱ्या माणसाने स्टॅम्प पॅडवर अंगठा टेकवून कागदावर ठसा उमटवला आणि उरलेली शाई भिंतीला पुसली, त्याचे ते डाग. खिडकीचा सागवानी उंबरा हाताची कोपरं टेकून टेकून मधोमध खोलगट झालेला असतो, बोट फिरवलं तर कळतं. एवढा भिंतीचा तुकडा आणि ती चौकट ही तुमच्या संग्रहालयातली सगळ्यात मोलाची वस्तू आहे असं मी मानतो. तालुक्यातल्या हजारो माणसांची नावं कुठल्याच फलकावर नाहीत, त्यांचे अंगठे तिथं आहेत. बांधकामवाले येऊन पहिल्याच दिवशी त्यावर डिस्टेंपर मारतील, म्हणून आजच त्या भागावर चुन्याचा हातसुद्धा लागणार नाही असं लिहून चिकटवा, नंतर त्यापुढे एक काच उभी करता येईल, भिंतीला न टेकवता.

अशाच बारीक खुणा बाकी इमारतीतही शोधा. तहसीलदारांच्या दालनात छताला लोखंडी कडे असतील आणि भिंतीत वर एक गोल भोक असेल तर ते हाताने ओढायच्या पंख्याचं, दोरी बाहेर जायची आणि बाहेर व्हरांड्यात माणूस बसून ती ओढायचा. खजिन्याच्या खोलीला दोन कुलपांची सोय असते, किल्ल्या दोघांकडे, शेजारीच पहाऱ्याची जागा आणि तिथं पितळी तास टांगायचा आकडा, पहारेकरी दर तासाला टोल द्यायचा आणि सगळं गाव त्यावर चालायचं. तास अजून असेल तर तो खरोखर वाजवायला ठेवा, शाळेची पोरं आली की एकदा टोल द्या.

बांधकामाचं सांगतो. दगड, चुना आणि सागवान हे ज्या रीतीने बांधलंय त्याच रीतीने दुरुस्त करायचं. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर केलं की भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, मग ती वर चढते, खपल्या निघतात आणि दगड आतून भुगा व्हायला लागतो, हे दोन-तीन पावसाळ्यांत दिसतं. चुना भिजवून मुरवलेला, सुर्खी म्हणजे वीटभुकटी घालून चुन्याच्या घाण्यात मळलेला, कारागीर हल्ली कमी आहेत पण आहेत, जरा शोधावे लागतात. दगडावर ऑइल पेंट असेल तर ग्राइंडर लावू नका, सँडब्लास्टिंग तर नाहीच. छत बघा कसलं आहे. लोखंडी गर्डरवर विटांच्या कमानी असतील तर गर्डरचा गंज बघायचा, आणि माळवद म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं छत असेल तर त्यावर दरवर्षी गळती थांबवायला किती पांढरी माती टाकत गेले ते बघायचं, कारण तुळयांवर तो बोजा साचत जातो.

आपल्याकडे काळी माती, ती पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भिंतीला तडे जातात आणि परत मिटतात, हे सगळ्या मराठवाड्याचं दुखणं आहे. तडा दिसला की लगेच घाबरून सिमेंट भरू नका. तड्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवा, तारीख लिहा आणि एक उन्हाळा एक पावसाळा जाऊ द्या, काच फुटली तर भिंत हलतेय, नाही फुटली तर तडा जुना आहे. तुमचा तालुका लातूर किंवा धाराशिवकडचा असेल तर आणखी एक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात ज्या जाड दगडी भिंती पडल्या त्यातल्या कितीतरी बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मधे माती-चिपा अशा होत्या, दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नव्हते. कचेरीची भिंत कुठं पोट काढून उभी आहे का हे दोरी लावून बघा, आणि तसं असेल तर संरक्षित इमारतींचं काम केलेला इंजिनिअर बोलवा, तिथं हौशी काम नको. आणि एसी, फॉल्स सीलिंग काही घालू नका, जाड भिंती आणि वरचे झरोके चालू ठेवले तर मे महिन्यातही आत बसवतं, झरोक्यांना पारव्यांसाठी जाळी मात्र लावा.

कागदपत्रांबद्दल लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो. रेकॉर्ड रूममधले बस्ते, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, संग्रहालयाचे नाहीत आणि होणारही नाहीत. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, १९५१ ची कुळ नोंदवही, १९५१ चं राष्ट्रीय रजिस्टर, ही जमिनीची आणि माणसांच्या नोंदींची, रोज लोकांच्या हक्काला लागणारी कागदं आहेत, त्यांच्या नकला मागायला माणसं येतात, त्यातली अ वर्गाची कायम जपायची असतात आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ मुळे ती कुणी मनाने हलवू किंवा नष्ट करू शकत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सगळीकडचे बस्ते उघडले तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं किती कमी उरलीत ते सगळ्यांनाच कळलं. तेव्हा तुम्ही मूळ कागद मागू नका, चांगल्या स्कॅनवरून प्रती काढा आणि त्याच मांडा, बघणाऱ्याला तेवढाच आनंद होतो. कुणी घरचे कागद आणून दिले, मुंतखब म्हणजे इनामाचा दाखला, सनद, पावत्या, तर लॅमिनेशन अजिबात नको आणि सेलोटेप नको, लॅमिनेशन केलेला कागद परत मोकळा करता येत नाही. मऊ ब्रशने धूळ काढायची, सपाट ठेवायचे, उन्हात आणि दिव्याखाली नाही, आणि देणाऱ्याला पावती द्यायची की वस्तू भेट आहे का उसनी आहे. पुराभिलेख विभागाचं कार्यालय संभाजीनगरला आहे, त्यांच्याकडे आधी जा.

इमारत कधी बांधली हे गावात जो तो वेगळं सांगेल, कुणी औरंगजेबापर्यंत नेईल. दारावर किंवा कमानीवर शिलालेख असेल तर त्यातलं साल बहुधा फसली म्हणजे निजामाचं महसुली साल किंवा हिजरी असतं. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन निघतं, साल ऑक्टोबरच्या सुमारास आजूर महिन्याला सुरू व्हायचं म्हणून पुढच्या जानेवारीनंतरचे महिने असतील तर ५९१ धरा. उदाहरण म्हणून, हैदराबादचा महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८. शिलालेखाचा फोटो गावातल्या उर्दू वाचणाऱ्या दोन वेगवेगळ्या जाणकारांना दाखवा, आणि त्यांचं नाव फलकावर आदराने लिहा. बांधकामाची मूळ कागदं मिळाली तर ती हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात मिळतील, निजाम सरकारचं दप्तर तिथं आहे, आणि १९५६ नंतरची मोजमाप पुस्तकं, दुरुस्तीचे अंदाजपत्रक आपल्या सार्वजनिक बांधकामच्या उपविभागात विचारा. फलक लिहिताना एवढं सांभाळा की त्या काळी जिल्ह्याचा प्रमुख अव्वल तालुकदार असायचा आणि तालुक्याचा तहसीलदार, बऱ्याच ठिकाणी हे उलटंपालटं छापलेलं दिसतं. खजिन्यात हाली सिक्का म्हणजे निजामाचा रुपया चालायचा, सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, हे एका साध्या तक्त्यात दाखवलं की पोरांना गणितही होतं.

आता गोष्ट काय सांगायची. मी तुमच्या जागी असतो तर अधिकाऱ्यांच्या नावांचा बोर्ड एका कोपऱ्यात ठेवला असता आणि मोठी जागा तीन-चार गोष्टींना दिली असती. पहिली वेठबिगारीची. कचेरीचा निरोप गावोगाव न्यायला, साहेबाचं सामान वाहायला जी माणसं राबवली ती बहुतांशी महार-मांग वतनदार, बिनपैशाने. कसबे तडवळ्याला फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली ती याच दुःखावर. त्यांच्याशिवाय कचेरी एक दिवस चालली नसती, मग संग्रहालयात ते पहिल्या खोलीत पाहिजेत. त्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, रेकॉर्ड करा, आधी विचारून.

दुसरी मुक्तिसंग्रामाची. करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके, सरकारला अबकारी मिळवून देणारी शिंदीची झाडं तोडणं, गावची दप्तरं जाळणं, हे सगळं महसुली सत्तेच्याच विरोधात होतं, म्हणजे तुमच्या कचेरीच्याच दारात येऊन थांबतं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर या इमारतीवरचा झेंडा कधी बदलला, कुणी बदलला, हे सांगणारं अजून कुणी असेल तर आधी तिथं जा. यात एक आग्रह करतो. रझाकारांनी जे अत्याचार केले ते गावांच्या नावासकट सांगा, आणि पोलीस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर जे झालं, जे केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने नोंदवलं, तेही सांगा. दोन्ही घरची पोरं त्या खोलीत उभी राहणार आहेत. समितीत दोन्हीकडची वडीलधारी माणसं घ्या आणि मजकूर छापायच्या आधी त्यांच्यापुढं वाचून दाखवा, वेळ लागेल पण लागू द्या.

तिसरी गोष्ट ७२ च्या दुष्काळाची. खडी फोडायची कामं, वाटपाची सुकडी, परदेशातून आलेली मिलो ज्वारी, तगाई म्हणजे शेतकऱ्याला सरकारी कर्ज. हजेरीपटाचं एक पान, त्यावर ओळीने अंगठे, हे मोठं करून त्या डागांच्या भिंतीशेजारीच लावा. बाईचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, किती दिवस, किती पैसे. तुमच्या गावात अजून त्या कामावर गेलेल्या आज्या असतील, पंचाहत्तरी-ऐंशीच्या, त्यांना उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसवा. भूकंपाचा भाग असेल तर ९३ ची खोली वेगळी करा, मदतीचे तंबू कचेरीच्या आवारात पडले होते का, याद्या कुठं लागायच्या, ते विचारा.

आणि आवार मोकळं असेल तर जमीन मोजायची शंकू साखळी घ्या, ३३ फुटांची, आणि फरशीवर नाहीतर मुरुमावर पांढऱ्या दगडांनी ३३ बाय ३३ फुटांचा चौकोन आखा. तो एक गुंठा. सगळ्या पोरांनी घरी गुंठ्यावरून भांडणं ऐकलेली असतात, पण एक गुंठा म्हणजे केवढी जागा हे त्यांना पायाने चालून कधी कळलेलं नसतं. याला काही खर्च नाही आणि लोक सगळ्यात जास्त वेळ इथंच थांबतात असा माझा अनुभव आहे.

फलक मराठीत लिहा, बोलतो तसं, पाच-सहा ओळींपेक्षा जास्त नको, अक्षर मोठं. उर्दूतही लावा, कारण इमारतीचं निम्मं आयुष्य उर्दूत गेलंय. टचस्क्रीन घेऊ नका, लाइटचा आणि दुरुस्तीचा भरवसा नसतो, वर्षभरात बंद पडतो आणि बंद स्क्रीनवर धूळ बसते. पैशाचं म्हणाल तर जिल्हा नियोजनमधून इमारतीच्या दुरुस्तीला निधी मागता येतो, पण तिथं माणूस नेमायला पैसे मिळवणं जास्त अवघड जातं, म्हणून नगरपरिषदेकडून दोन माणसांच्या पगाराचा ठराव उद्घाटनाच्या आधी करून घ्या. तो ठराव झाला नाही तर तारीख पुढे ढकला, पण कुलूपबंद संग्रहालयाचं उद्घाटन करू नका. सरकारी ऑफिसांना शनिवार-रविवार सुट्टी असते, संग्रहालयाला मात्र तो नियम लावून घेऊ नका, रविवारी उघडं पाहिजे आणि आठवडी बाजाराच्या दिवशी तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत, कारण खेड्यातला माणूस तालुक्याला त्याच दिवशी येतो आणि ही इमारत त्याची आहे.

आता तुम्ही एवढं करा, छताचे खालून काढलेले फोटो, बाहेरच्या चारही भिंतींचे फोटो आणि दारावरच्या लेखाचा सकाळच्या तिरप्या उन्हातला फोटो पाठवा, दुपारच्या उन्हात अक्षरं उठत नाहीत. माळवद आहे की गर्डर ते बघून दुरुस्तीचं पुढचं सांगतो, आणि जडवस्तू नोंदवहीची जुनी पानं मिळाली तर त्यांचेही फोटो टाका, यादीतलं काय हातचं जाऊ द्यायचं नाही ते आपण मिळून ठरवू.